डोळ्यांची पूर्ण तपासणी: कुठल्या क्रमाने आणि का

चाळिशी लागली हे कळायला मला कुठल्या डॉक्टरची गरज पडली नाही. पुस्तक लांब धरायला हात पुरेनासा झाला, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मुलाकडून वाचून घ्यायला लागले, तेव्हाच काय ते लक्षात आलं होतं. फेब्रुवारीत चष्मा करायला गेले. नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टनं सहज विचारलं, 'घरात कोणाला काचबिंदू आहे का?' बाबांना आहे म्हटल्यावर त्यानं हातातलं भिंग खाली ठेवलं. 'मग नुसता नंबर काढून जाऊ नका. नेत्रतज्ज्ञांकडे एकदा थेंब टाकून डोळ्याची बाहुली मोठी करून पूर्ण तपासणी करून घ्या.'

पोटात गोळा आला, हे कबूल करते. बाबांचा काचबिंदू कळला तेव्हाही त्यांना तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होता. कडेची नजर मात्र बरीच गेली होती, आणि गेलेली नजर परत येत नाही. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं दिसणं बराच काळ शाबूत ठेवतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर आपला धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तेव्हा टाळण्यात अर्थ नव्हता.

वेळ मिळाली मार्चच्या मध्यावरची, म्हणजे जवळजवळ महिन्याभरानंतरची. तेवढ्या दिवसांत मी काय करावं? रोज एकेक डोळा झाकून घड्याळाकडे बघत बसायची. त्यानं काही कळत नाही, उगाच झोप उडते. त्यापेक्षा फोन करून चार गोष्टी विचारून घेतल्या ते कामाला आलं. एक, बाहुली मोठी करणार असतील तर किती वेळ लागेल. उत्तर मिळालं, अडीच-तीन तास धरून चला. दोन, तपासणीच्या शुल्कात काय काय धरलेलं आहे. नजर, नंबर, डोळ्यातलं प्रेशर आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी एकात होती. दृष्टिक्षेत्राची, म्हणजे कडेच्या नजरेची तपासणी आणि डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेचं स्कॅन यांचे पैसे वेगळे, आणि ती गरज वाटली तरच. हे आधी विचारलेलं बरं, कारण या दोन तपासण्या ऐनवेळी सुचवल्या जातात आणि खिशाला लागतात. शिवाय सोबत कोणीतरी आणा, स्वतः गाडी चालवायची नाही, गॉगल आणा आणि कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून, डबी बरोबर घेऊन या, असंही सांगितलं. मऊ लेन्स घातलेली असताना तपासणीचा पिवळा रंग डोळ्यात टाकला तर लेन्सला तो कायमचा लागतो.

मी जुने दोन्ही चष्मे, त्यांच्या नंबरचे कागद आणि बाबांचा एक जुना रिपोर्ट घेतला. बाबांच्या रिपोर्टनं फार काम केलं, कारण 'वडिलांना काचबिंदू आहे' यापेक्षा तो कुठल्या प्रकारचा आणि कितव्या वर्षी कळला, हे डॉक्टरांना हवं होतं.

खिडकीवर भरायला दिलेला फॉर्म दोन पानी होता. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड हे ठीक. पण दमा आहे का, स्टिरॉइड घेता का, असेही प्रश्न होते. डोळ्याच्या तपासणीत दम्याचं काय काम? नंतर कळलं. काचबिंदूचे काही थेंब दमेकऱ्याला बाधतात. स्टिरॉइडमुळे काही जणांचं डोळ्यातलं प्रेशर वाढतं, मग ते गोळीतून जावो, थेंबातून जावो की तोंडाला लावायच्या मलमातून. त्यामुळे 'काही औषध चालू नाही' असं फटकन लिहू नका. मलम, फवारा, कुठून कुठून आणलेली गोरं करणारी क्रीमसुद्धा लिहा.

माझं नशीब असं की त्या दिवशी डॉक्टरांकडे एक शिकाऊ डॉक्टर होती. 'ही तुमची तपासणी माझ्याबरोबर करेल, चालेल ना? वेळ थोडा जास्त लागेल,' असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि त्यामुळे ही सगळी तपासणी मला ऐकायला मिळाली. एरवी पेशंटला काय ऐकू येतं? 'वर बघा, खाली बघा, हनुवटी टेकवा.' इथं प्रत्येक पायरीला डॉक्टर तिला विचारत होते, 'आता काय करशील? आणि तेच आधी का?'

पहिले प्रश्न मला होते, डोळ्याकडे बघण्याआधीच. त्रास काय, कधीपासून, एका डोळ्याला की दोन्ही, अचानक की हळूहळू, दुखतं का, वेड्यावाकड्या रेषा, काजवे, तरंगणारे काळे ठिपके दिसतात का. मी सगळ्याला नाही म्हणत गेले. तिनं तरीही प्रत्येकाची नोंद केली. 'नाही' हीसुद्धा नोंद असते, असं डॉक्टर म्हणाले.

मग तक्ता. इथं डॉक्टरांचा पहिला नियम आला: डोळ्याला हात लावण्याआधी, बॅटरीचा झोत टाकण्याआधी, कुठलाही थेंब टाकण्याआधी नजर मोजायची. झोतानं डोळा दिपतो, थेंबानं धूसर होतो, आणि मग मोजलेली नजर खरी राहत नाही. 'याला अपवाद?' त्यांनी विचारलं. ती लगेच म्हणाली, 'डोळ्यात रसायन गेलं असेल तर. आधी धुवायचं, भरपूर धुवायचं. तक्ता नंतर.' हे तर घराघरात माहीत असायला हवं. चुना, ॲसिड, फरशी धुवायचं द्रावण, काहीही उडालं तर आधी स्वच्छ पाण्यानं डोळा धूत राहायचा आणि मग दवाखाना गाठायचा.

तक्त्यावरच्या अक्षरांचं गणित डच डॉक्टर स्नेलेन यांनी १८६२ मध्ये बसवलं. ६/६, ६/१८ असे आकडे कागदावर बघून आपण घाबरतो, पण त्यांचा अर्थ सरळ आहे. वरचा आकडा म्हणजे तुम्ही किती मीटरवरून वाचताय. खालचा म्हणजे निकोप नजरेचा माणूस तीच ओळ किती मीटरवरून वाचू शकतो. म्हणजे ६/१८ वाल्याला १८ मीटरवरचं अक्षर वाचायला ६ मीटरवर यावं लागतं. खोली लहान असेल तर आरसा लावून अंतर भरून काढतात. एकेक डोळा वेगळा तपासायचा, आधी चष्म्याशिवाय, मग चष्म्यासह. झाकलेला डोळा तळहातानं झाकायचा, बोटांनी नाही. बोटांच्या फटीतून माणूस नकळत बघतो, आणि डोळा दाबला तर नंतर त्याच डोळ्याला काही काळ धूसर दिसतं. ज्यांना सगळ्यात मोठं अक्षरही दिसत नाही त्यांना समोरची बोटं मोजायला सांगतात, तेही नाही जमलं तर हात हललेला कळतो का बघतात, आणि शेवटी फक्त उजेड कळतो का.

मला डाव्या डोळ्यानं शेवटच्या दोन ओळी लागेनात. मी डोळे किलकिले केले. 'तसं करू नका,' ती म्हणाली आणि बारीक भोकं असलेली काळी पट्टी डोळ्यापुढे धरली. अक्षरं चटकन स्पष्ट झाली! याला पिनहोल म्हणतात. बारीक भोकातून उजेडाची सरळ, अरुंद शलाकाच आत जाते, त्यामुळे ती पडद्यावर नीट एकवटायला चष्म्याची गरज उरत नाही. पिनहोलमधून सुधारलं तर दोष बहुतेक नंबरचा, नाही सुधारलं तर आत कुठंतरी शोध घ्यायला हवा. एवढीशी प्लास्टिकची पट्टी, पण पुढच्या तासाभराची दिशा ती ठरवते. डोळे किलकिले करणं म्हणजे पापण्यांचं पिनहोल करणंच, म्हणून ते करू देत नाहीत. तुम्ही ओळ वाचाल, पण नंबर चुकेल.

नंबर काढायच्या खोलीत काही विशेष नाही. यंत्रात डोळा लावून लांबचं चित्र बघायचं, ते धूसर होऊन स्पष्ट होतं, कागद बाहेर येतो. तो कागद फक्त अंदाज असतो. खरा नंबर समोर भिंगं बदलत 'हे बरं की ते?' विचारून ठरतो. इथं बरेच जण परीक्षा दिल्यासारखे घाबरतात. 'दोन्ही सारखंच दिसतंय' हेही बरोबर उत्तर आहे, उलट तेच त्यांना हवं असतं. माझा जवळचा नंबर दीडचा निघाला. लांबचा डाव्याला थोडासा.

त्यानंतर तिथल्या तंत्रज्ञानं हवेचा फुंकर मारणाऱ्या यंत्रानं प्रेशर मोजलं. मला हे यंत्र अजिबात आवडत नाही. दुखत नाही, पण फुस्स कधी येणार या धाकात आपण डोळा घट्ट मिटतो, आणि डोळा घट्ट मिटला की प्रेशर जास्त येतं. उजवं २३, डावं २१. नेहमीची कक्षा साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याची. २३ ऐकून माझे कान तापले. तंत्रज्ञ शांतपणे म्हणाला, 'डॉक्टर परत मोजतील.' तुमच्यावर ही वेळ आली तर तेवढं ध्यानात ठेवा. फुंकरीचा आकडा चाळणी लावण्यापुरता असतो.

आता डॉक्टरांच्या खोलीत. दिवे मंद केले. 'बाहुल्या,' डॉक्टर म्हणाले, 'आणि त्या आत्ताच. थेंब टाकल्यावर ही तपासणी गेली ती गेलीच.'

मला लांब भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. जवळ बघितलं की बाहुल्या आपोआप आकसतात आणि मग उजेडानं आकसल्या की जवळ बघण्यानं, हे कळत नाही. तिनं झोत खालून, किंचित बाजूनं आणला. आधी उजवा डोळा. झोत पडलेल्या डोळ्याची बाहुली आकसते हे कोणालाही माहीत असतं. पण दुसऱ्या डोळ्याचीही तेवढीच आकसायला हवी. दोन्ही डोळ्यांचा निरोप मेंदूत एकत्र होतो आणि हुकूम दोन्हीकडे जातो. मग तिनं झोत झोका दिल्यासारखा उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे नेला, दरवेळी दोन-तीन सेकंद थांबून. डॉक्टर विचारत होते, 'काय शोधतेयस?' झोत आल्यावर बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी होतेय का, हे ती शोधत होती. तसं झालं तर त्या डोळ्याची नस, किंवा पडद्याचा मोठा भाग कमी काम करतोय. तो डोळा मेंदूला सांगतो, 'उजेड कमी झाला,' म्हणून दोन्ही बाहुल्या सैलावतात.

'आणि पिकलेला मोतीबिंदू असेल तर?'

'तरीही बाहुली अशी मोठी होणार नाही, सर. उजेड विखुरतो, पण पोचतो.'

एक साधी बॅटरी, अंधारी खोली आणि पाच-सात झोके. पेशंटला काही सांगायचं नाही, वाचायचं नाही, फसवायचीही सोय नाही. मला ही तपासणी सगळ्यात देखणी वाटली. माझ्या बाहुल्या दोन्हीकडे सारख्या आकसत होत्या.

डोळ्यांची हालचाल पटकन झाली. मान न हलवता पेनच्या टोकामागे नजर फिरवायची, कुठं दोन-दोन दिसलं तर सांगायचं. एक डोळा झाकून, उघडून, दुसरा जागचा हलतो का बघितलं. तिरळेपणा असा पकडतात.

मग ती माझ्यासमोर साधारण हातभर अंतरावर, डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवर बसली. मी डावा डोळा झाकला, तिनं तिचा उजवा. 'माझ्या डोळ्याकडेच बघा,' म्हणत दोघींच्या बरोबर मधोमध, कडेच्या चारही कोपऱ्यांत एकेक करून बोटं दाखवायला लागली. एक. दोन. पाच. यात तपासणारी स्वतःच मोजपट्टी असते, तिला दिसतंय ते मला दिसायला हवं. यात यंत्र नाही, खर्च नाही, आणि मेंदूतल्या गाठीपासून पक्षाघातापर्यंत बरंच काही यातून सापडू शकतं. काचबिंदूची सुरुवात मात्र यात सहसा निसटते, असं डॉक्टरांनी लगेच स्पष्ट केलं. त्यासाठी यंत्र लागतं.

यानंतर स्लिट लॅम्प, म्हणजे हनुवटी टेकवायचं, कपाळ पट्टीला लावायचं ते यंत्र. खुर्चीची उंची नीट करून घ्या. मान ताणून बसलात तर कपाळ सारखं मागं सरकतं आणि त्यांना काही दिसत नाही. उजेडाची अरुंद फट डोळ्यावर तिरकी पडते आणि डोळ्याच्या पारदर्शक थरांचा जणू उभा छेद त्यांना दिसतो. ती बाहेरून आत चालली होती: पापण्या, पापण्यांचे केस, पांढरा भाग, बुबुळ (म्हणजे सगळ्यात पुढचा पारदर्शक थर), त्यामागचं पाणी, मग रंगीत पडदा, मग डोळ्यातलं भिंग, म्हणजे लेन्स. वरची पापणी उलटी करून बघितली. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात गुदगुल्या. 'लेन्समध्ये वयानुसार किंचित पिवळेपणा, बाकी स्वच्छ,' असं तिनं लिहून घेतलं. पंचेचाळिशीत भिंग पिवळायला लागतं हे मला नवीन होतं, आणि फारसं आवडलं नाही.

आता प्रेशर, खऱ्या यंत्रावर. आधी बधिर करणारा थेंब. हा थेंब झोंबतो, दहा-पंधरा सेकंद. मग पिवळ्या-नारिंगी रंगाची पट्टी पापणीच्या आत टेकवली, आणि निळा दिवा जवळ यायला लागला. सुया नाहीत, फुंकर नाही. एक लहान पारदर्शक सुळका बुबुळाला टेकतो, जेमतेम ३.०६ मिलिमीटर रुंदीचा भाग सपाट करण्यापुरता. बधिर असल्यामुळे टेकलेला कळतही नाही. आपल्याला फक्त निळा उजेड दिसतो.

पलीकडून काय दिसतं ते मला त्या मुलीनं नंतर सांगितलं. काळोखात दोन हिरवी चमकणारी अर्धवर्तुळं, एक वर, एक खाली. बाजूचं चाक फिरवून दाब वाढवत नेला की ती एकमेकांकडे सरकतात. दोघांच्या आतल्या कडा नेमक्या टेकल्या की चाकावरचा आकडा वाचायचा. पेशंटच्या नाडीबरोबर ती अर्धवर्तुळं बारीक थरथरतात म्हणे. पहिल्यांदा तिनं मोजलं, मग डॉक्टरांनी. 'श्वास रोखू नका, गळ्याजवळचं बटण घट्ट असेल तर सैल करा,' असं दोघांनीही सांगितलं. श्वास कोंडला तरी आकडा वर जातो.

उजवं २०, डावं १९. मला हायसं वाटलं, पण डॉक्टरांनी ते फार टिकू दिलं नाही. नेहमीच्या कक्षेतल्या प्रेशरलाही काचबिंदू असतो, आणि २४-२५ असूनही कित्येकांना कधीच होत नाही. शिवाय बुबुळाची जाडी बघावी लागते. सरासरी अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त, साधारण ५४० मायक्रॉन. बुबुळ जाड असेल तर यंत्र प्रेशर जास्त दाखवतं, पातळ असेल तर कमी. माझी जाडी सरासरीच्या आसपास होती. ती मोजणी त्यांनी सुळका टेकवण्याआधीच करून घेतली होती, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

डोळा बधिर होताच म्हणून पुढची तपासणी लगेच केली. आरसे बसवलेलं एक भिंग थेट डोळ्यावर टेकवून, बुबुळ आणि रंगीत पडदा जिथं मिळतात तो कोन बघतात. डोळ्यातलं पाणी तिथून निचरतं. कोन अरुंद असेल आणि बाहुली मोठी केली तर निचरा अडकून प्रेशर एकाएकी भडकू शकतं. म्हणून हे थेंबांच्या आधी. माझा कोन उघडा होता. तरीही निघताना त्यांनी बजावलं: थेंबांनंतर डोळा जोरात दुखला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली किंवा उलट्या झाल्या तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच यायचं.

मग बाहुली मोठी करणारे थेंब आणि बाहेरची बाकं. या थांबण्याला वीस मिनिटं ते अर्धा तास धरा. कोणाकोणाला दुसऱ्यांदा थेंब लागतात. फोन काढून काहीतरी वाचू म्हटलं तर दहा मिनिटांत अक्षरं विरघळली. वेळ घालवायला कानाला लावायचं काहीतरी बरोबर न्या. सोबतच्या माणसाला या वेळात चहापाण्याला पाठवू नका, फॉर्मवर सही करायला बोलावलं तर तुम्हाला तो वाचताही येणार नाही.

आत गेल्यावर आधी त्या मुलीला हातात धरायच्या ऑफ्थॅल्मोस्कोपवर सराव करायचा होता. हे यंत्र हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये पुढे आणलं, तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा नीट बघायची सोय नव्हती. डॉक्टरांच्या सूचना मी ऐकत होते. पेशंटचा उजवा डोळा, तर तुझा उजवा डोळा आणि उजवा हात. नाहीतर नाकाला नाक लागेल. आधी हातभर लांबून बाहुलीत लाल चमक दिसते का बघ. (लहान बाळाच्या बाहुलीत ती लालऐवजी पांढरी दिसली तर ताबडतोब तज्ज्ञाकडे न्यायचं, हे त्यांनी मध्येच माझ्याकडे वळून सांगितलं. फोटोतसुद्धा दिसतं कधीकधी.) चमक सापडली की तशीच सोडू नकोस, बाहेरच्या बाजूनं थोडी तिरकी जवळ ये. अजून जवळ. अजून.

ती इतकी जवळ आली की तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता, आणि दोघीही अवघडून श्वास धरून बसलो होतो. 'काय दिसतंय?' 'रक्तवाहिनी, सर.' 'फाटा कुठं फुटतो बघ. फाट्याचं टोक ज्या दिशेला, तिकडे चालत जा. सगळ्या वाटा नसेकडे जातात.' बराच वेळ काहीच नाही. मग ती एकदम 'अय्या!' म्हणाली. तिला माझी नस दिसली होती. चेहरा असा खुलला की मला माझ्या काचबिंदूच्या भीतीचा क्षणभर विसर पडला.

डॉक्टरांनी स्वतः स्लिट लॅम्पसमोर एक जाडसर भिंग धरून बघितलं. त्यात चित्र उलटं दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, म्हणून खोली कळते. हातातल्या यंत्रात एकाच डोळ्यानं बघायचं, तिथं खोलीचा नुसता अंदाज. नसेची खोली तर काचबिंदूत महत्त्वाची. झोत इतका प्रखर की डोळ्यातून घळाघळा पाणी. आणि तेवढ्यात मला एक अजब गोष्ट दिसली: काळ्या फांद्यांचं जाळं, उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो तसं. घाबरून विचारलं. 'त्या तुमच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या. झोत हलला की दिसतात. छान आहेत,' डॉक्टर म्हणाले. तुम्हाला दिसल्या तर दचकू नका.

पडद्याचा मध्यबिंदू त्यांनी सगळ्यात शेवटी बघितला. 'आता सरळ उजेडात बघा' हे वाक्य शेवटी येतं, कारण त्यानंतर थोडा वेळ आपल्याला जांभळ्या डागापलीकडे काही दिसत नाही.

आणि मग ते वाक्य. 'उजवीकडे कप ०.६, डावीकडे ०.५.' नसेच्या तबकडीत मधोमध एक फिकट खळगा असतो, तो तबकडीच्या किती भागात पसरलाय त्याचं हे प्रमाण. काचबिंदूत नसेचे तंतू झडतात आणि खळगा रुंदावतो. ०.६ वाईट का? डॉक्टरांनी घाई केली नाही. तबकडी मुळात मोठी असेल तर खळगाही मोठा असतो आणि ते जन्मापासून तसंच असतं. दोन डोळ्यांत ०.२ किंवा त्याहून जास्त फरक असता तर काळजी वाढली असती. काठ खालच्या बाजूला सर्वांत जाड असायला हवा, तसा तो होता. पण वडिलांना काचबिंदू, प्रेशर वरच्या टोकाला, खळगा जरा मोठा. कागदावर लिहिलं: 'काचबिंदूचा संशय'. निदान नव्हे, संशय. हा फरक मला घरी पोचेपर्यंत स्वतःला समजावावा लागला.

बाहेर ऊन सुरीसारखं आत घुसलं. गॉगल असूनही डोळे उघडवेनात. जवळचं वाचायला नीट यायला संध्याकाळ झाली, साधारण पाच-सहा तास.

दृष्टिक्षेत्राची तपासणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेवली, कारण मोठ्या केलेल्या बाहुलीवर ती नीट येत नाही. हिच्याबद्दल कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं सांगते. अर्धगोलात डोकं घालून मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. मध्येच बराच वेळ काहीच दिसत नाही, आणि माणसाला वाटतं, संपलं, माझी नजर गेली. तसं नसतं. ते यंत्र मुद्दाम ठिपका फिका फिका करत नेतं, तुम्हाला जेमतेम दिसतो ती सीमा शोधत. निकोप माणसालाही कितीतरी ठिपके दिसत नाहीत. पापण्यांची उघडझाप करायची, खुशाल करायची. दमलात तर बटण दाबून धरा, यंत्र थांबतं. पहिल्या खेपेला अनेकांचा आलेख वाईट येतो आणि पुन्हा करावा लागतो. माझ्या उजव्या डोळ्याचा परत केला, डाव्याचा एकदाच जमला.

नसेचं स्कॅन, म्हणजे ओसीटी, त्याच दिवशी काही सेकंदांत झालं. स्पर्श नाही, थेंब नाही. तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये येते आणि वयाच्या मानानं हिरवी, पिवळी, लाल अशी रंगवून देतात. माझ्या उजव्या डोळ्याला वरच्या बाजूला एक पिवळी फाक आली, बाकी हिरवं. पिवळं म्हणजे आजार नव्हे, लक्ष ठेवा.

दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरांनी सांगितलं: दृष्टिक्षेत्र स्वच्छ आहे, थेंब सुरू करायचे नाहीत, सहा महिन्यांनी प्रेशर आणि नस पुन्हा बघायची, वर्षानं स्कॅन आणि दृष्टिक्षेत्र. आजचे कागद हीच पुढची मोजपट्टी, त्यामुळे मूळ प्रत सांभाळून ठेवायची आणि दरवेळी आणायची. दवाखाना बदलला तरी आणायची.

चष्मा झाला. धाकट्या बहिणीला फोन केला, ती चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. तिनं 'मला तर सगळं स्पष्ट दिसतं' म्हणून उडवून लावलं. बाबांनी तिच्याकडून फोन घेतला आणि दोनच मिनिटं बोलले. तिची वेळ पुढच्या महिन्याची आहे, सोबत मी जाणार आहे. माझी ऑक्टोबरमध्ये.